टीव्ही दुसऱ्या खोलीत नेला: छत्रीच्या वायरला जोड द्यावा की नवी अखंड वायर ओढावी?

खर्चात जोड स्वस्त. दोन एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसणारे), ते एकमेकांना जोडणारा एक जॉइंटर आणि लागेल तेवढी आरजी-६ वायर (डिशची नेहमीची वायर), झालं. अखंड वायरीला छत्रीपासून बॉक्सपर्यंतचं पूर्ण माप लागतं, शिवाय गच्चीवर चढणं आलं.

टिकण्यात मात्र मोठा फरक. या वायरीतून नुसता सिग्नल येत नाही. टीव्हीजवळचा बॉक्स छत्रीच्या एलएनबीला (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट यातूनच पाठवतो. म्हणून तारा पिळून वर टेप गुंडाळणं चुकीचंच: मधल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते, तिचा एक केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट. जाळी मागे दुमडा, मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिमी राहू द्या. जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला हवा. आणि जोड घरातच घ्या. गच्चीवर लातूर-परभणीच्या उन्हात टेप सुटते, मृगाच्या पावसात पाणी शिरतं, तार गंजते. आधी काही चॅनेल जातात, मग सगळेच.

जुनी वायर लवचीक आहे, वाढ ५-१० मीटरच आहे, तर जोड पुरे. भाड्याच्या घरातही तोच बरा. आवरण तडकलं असेल किंवा एकूण लांबी ३० मीटरच्या पुढे जात असेल, तर अखंड वायरच ओढा, तीही तांब्याच्या गाभ्याची.