पिसवांपायी गेलेले सोळा हजार दोनशे

मी बँकेत तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची दहा तर समोरच्या माणसाला "ओटीपी कुणाला सांगू नका" हे बजावण्यातच गेली. म्हणून हे लिहायला जरा लाज वाटते, पण लिहिते.

गणपतीला आम्ही दरवर्षी कुडाळला जातो. गेल्या वर्षी गौरी-गणपती आटोपून अकराव्या दिवशी पहाटे कोकणकन्येने ठाण्याला उतरलो, रिक्षाने चरईत आलो आणि कुलूप काढलं. तळमजल्यावरचं जुनं घर, भाद्रपदातला दमटपणा, बंद खोल्यांचा कुबट वास, हे सगळं नेहमीचंच. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, हे दूध आणायला निघाले, तेवढ्यात लेक किंचाळली. तिच्या पांढऱ्या मोज्यांवर तिळाएवढे तपकिरी ठिपके होते आणि ते टुणकन उड्या मारत होते. पाच मिनिटांत आम्हा चौघांचे घोटे खाजायला लागले. पोटऱ्यांवर तीन-तीन, चार-चार फोड, ओळीने.

पिसवा! अकरा दिवस घरात माणूस नाही, प्राणी नाही, तरी एवढ्या? आमची मांजर ठकी तर वरच्या काकूंकडे ठेवलेली. मग या आल्या कुठून?

याचं उत्तर पुढे मिळालं, पण तोवर मी मोबाइल हातात घेतला होता. शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. नाव एका प्रसिद्ध कंपनीशी मिळतंजुळतं, आणि मी तीच कंपनी समजून बोलत राहिले. टू बीएचकेचे बाराशे, म्हणाला.

दुपारी एक माणूस आणि एक पोरगा स्कूटरवरून आले. पाठीवर पंप, गळ्यात ओळखपत्र, शर्टावर शिवलेलं नाव. माणूस बोलायला फार अदबशीर. मला मॅडम, सासूबाईंना आजी. टॉर्च घेऊन दिवाणाखाली गेला, गादीची शिवण उलटली, बोटावर काळी कणी घेऊन बाहेर आला. "मॅडम, ही अंडी. लाखांनी आहेत." मग मोबाइलला एक भिंगासारखं काहीतरी चिमट्याने लावलं आणि सोफ्याच्या फटीवर धरलं. पडद्यावर पांढुरकी, केसाळ अळी वळवळत होती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

त्यानंतर त्याने हुकमी पान टाकलं. "आजी, प्लेग कशाने होतो माहिती आहे ना? यांनीच."

सासूबाईंच्या आजीने 1896 च्या मुंबईच्या प्लेगच्या गोष्टी सांगितलेल्या, लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले होते त्या. आणि 1994 ला सुरतेचा प्लेग पेपरात आला तेव्हा इथेही लोक नाकाला रुमाल बांधून लोकलने जात होते, हे तर त्यांनी स्वतः पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, मागतोय ते देऊन टाक."

बाराशे म्हणे झुरळांच्या जेलचे. पिसवांचं पॅकेज सहा हजार आठशे, एक वर्षाची वॉरंटी. दिले. फवारणी झाली, घरभर रॉकेलसारखा वास, फरशी तेलकट. चार तास घराबाहेर राहा, म्हणाला. तलावपाळीवर बसून चौघांनी भेळ खाल्ली आणि परत आलो तर काय, पिसू औषधालाही नाही! मी त्याला फोन करून धन्यवाद दिले. हो, धन्यवाद.

सहाव्या दिवशी पुन्हा मोज्यांवर ठिपके.

त्याने फोन पहिल्या रिंगला उचलला. "मॅडम, तुम्हाला बोललो होतो. मोठ्या मेल्या, आता पोटातल्या बाहेर आल्या. अंड्यांवरचा डोस वेगळा असतो." तो असं काही बोलला नव्हता, पण इतक्या खात्रीने म्हणाला की मलाच वाटलं, आपण ऐकलं नसेल. साडेतीन हजार. पुन्हा वास, पुन्हा भेळ, पुन्हा चार दिवस शांतता. आणि पाचव्या दिवशी पुन्हा खाज.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, भिंतीत शिरल्या आहेत. ड्रिल मारून औषध सोडावं लागेल. साडेनऊ हजार, पाच आगाऊ. ड्रिल घेऊन पोरगा भिंतीच्या कडेने भोकं पाडत सुटला, स्कर्टिंगच्या दोन लाद्या तडकल्या. हा सगळा प्रकार वाळवीच्या ट्रीटमेंटचा. पिसवांसाठी भिंत फोडत नाहीत, हे ह्यांच्या एका मित्राने नंतर हसत सांगितलं. निघताना त्याची नजर ठकीकडे गेली. ती तेव्हाच काकूंकडून खाली आली होती आणि मान खाजवत होती. तीन वेळा घरात येऊन त्याने मांजराबद्दल पहिल्यांदा शब्द काढला तो हा: "हिला पण एक ट्यूब टाकून द्या, नऊशे रुपये." खोका नाही, पत्रक नाही, नुसती प्लास्टिकची छोटी नळी. मानेच्या मागे केस बाजूला करून कातडीवर ओता, म्हणाला. मी ओतली.

रात्री अकराला ठकीचे कान फडफडायला लागले. मग पाय. साडेबाराला तिचं अख्खं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ, उभं राहता येईना. घोडबंदर रोडवर रात्री उघडा असणारा एक दवाखाना सापडला. डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, "मानेवर काही लावलं का?" मी पर्समधली रिकामी नळी दिली. तिने चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. परमेथ्रिन. कुत्र्यांसाठी चालतं, मांजरासाठी विष. मांजराच्या यकृताला ते मोडून टाकता येत नाही. झटके थांबवायचं इंजेक्शन, सलाईन, मग थोडी स्थिरावल्यावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने मान धुवून काढली. ठकी दोन रात्री तिथे होती. वाचली.

नाव मांजराचं ठकी, आणि ठकलो आम्ही.

त्या दोन रात्रींत बाकावर बसून त्या डॉक्टरकडून मी जे ऐकलं, ते आधी ऐकलं असतं तर ही वेळच आली नसती. मी तिला काळ्या अंड्यांबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, पिसवांची अंडी पांढरी असतात. काळी कणी म्हणजे त्यांची विष्ठा, वाळलेलं रक्त." ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ती कणी चिरडली की लालसर तपकिरी डाग पसरतो. आपल्या मांजराला पिसवा आहेत का, हे ओळखायची याहून सोपी खूण नाही. ठकी आषाढापासून खाजवत होती आणि तिच्या अंगावर करपलेल्या रव्यासारखं काहीतरी दिसत होतं. आम्ही ते कोंडा म्हणून झटकत होतो.

कुत्र्या-मांजरांवर सहसा जी सापडते, तिला मांजराची पिसूच म्हणतात. कुत्र्यांवरही बहुतेक हीच. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. अंडी चिकट नसतात, त्यामुळे मांजर जिथे झोपेल, अंग झाडेल तिथे ती गळून पडतात. त्यातून अळ्या. त्या उजेडाला भितात, फटीत, गादीखाली, सोफ्याच्या पोटात शिरतात आणि वरून पडणाऱ्या त्या काळ्या कणीवर जगतात. मग अळी रेशमी कोश विणते. तो चिकट असतो, त्याला धूळ-केस लागून तो धुळीसारखाच दिसतो. आणि घरात मारल्या जाणाऱ्या औषधांचा या कोशावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. आत पिसू तयार होऊन आठवडेच्या आठवडे, प्रसंगी काही महिने वाट बघत बसते. कशाची? पावलांच्या कंपाची, अंगाच्या उबेची, श्वासाची. आम्ही अकरा दिवस गावी, घर शांत. पहाटे आम्ही बॅगा आपटल्या आणि सगळ्या एकदम बाहेर आल्या.

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याचं औषध चाललं म्हणून पिसवा चार दिवस दिसत नव्हत्या आणि त्या पुन्हा दिसल्या म्हणजे औषध कमी पडलं, असं मी समजत होते. प्रत्यक्षात बाहेर होत्या त्या मेल्या, कोशातल्या आपल्या वेळेने येत राहिल्या, आणि येतच राहणार होत्या. कुणीही फवारलं असतं तरी. तो हे पक्कं जाणून होता. म्हणूनच दर वेळी पहिल्या रिंगला फोन उचलत होता. थांबायचे पंधरा-वीस दिवस त्याने मला तीन हप्त्यांत विकले.

"आणि प्लेग?" मी विचारलं. तो पसरवते ती मुख्यतः उंदरावरची पिसू, ती जात वेगळी. मांजराच्या पिसवेने माणसाला होतात ते मुख्यतः फोड. मात्र मांजराने चाटताना पिसू गिळली तर पोटात पट्टकृमी होऊ शकतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तेच. ठकीला होते.

लेकीने घरी बसून आणखी एक छडा लावला. त्या भिंगाच्या वेळी तिने मोबाइलच्या पडद्याचा फोटो काढला होता, मैत्रिणींना दाखवायला. तो मोठा करून पाहिला तर अळीच्या मागे हिरवा गालिचा होता. आमच्या घरात गालिचा कधीच नव्हता. सोफा चॉकलेटी रेक्झिनचा. म्हणजे आम्ही बघत होतो तो आधीच तयार ठेवलेला व्हिडिओ.

बाकीचं नेहमीचंच. फोन बंद. बिलावर शिक्का होता, पण ना जीएसटी नंबर, ना परवाना नंबर. पैसे यूपीआयने गेले ते कंपनीला नव्हे, कुणा माणसाच्या खात्यात. दर वेळी नाव पडद्यावर दिसत होतं आणि मी, बँकेतली बाई, ओके दाबत होते. ज्या प्रसिद्ध कंपनीचं नाव वाटलं होतं, तिचा या माणसाशी काही संबंध नव्हता. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही. 1930 ला पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते रोखले जायची शक्यता असते. मी तीन आठवड्यांनी केला. 6,800, 3,500, 5,000 आणि 900. दवाखान्याचं बिल आणि लाद्या वेगळ्या.

पिसवा अजून होत्याच, त्यामुळे दुसरा माणूस बोलवावाच लागला, या वेळी डॉक्टरच्या ओळखीने. त्याने फोनवर किंमत सांगायच्या आधी विचारलं, "घरात मांजर-कुत्रं आहे का? त्याला औषध चालू केलं का?" मी म्हटलं, दवाखान्यातून मांजराचंच, तिच्या वजनाप्रमाणे, दर महिन्याचं सुरू केलंय. "मग येतो. नाहीतर पैसे फुकट घालवू नका." आला तेव्हा न मागता परवान्याची प्रत दाखवली. कीटकनाशक मारायचा धंदा करायला 1968 च्या कायद्याखाली परवाना लागतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाटली समोर उघडली. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो तो दाखवला: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. त्याच्या औषधात अळीची पिसू होऊ न देणारं दुसरं एक औषध मिसळलेलं होतं. भिंतींना हातही लावला नाही; दिवाणाखाली, सोफ्यामागे, ठकीच्या आवडत्या कोपऱ्यात, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, जिथे रस्त्यावरच्या मांजरी व्यायल्या होत्या तिथे. दोन हजार घेतले. जाताना म्हणाला, "दोन-तीन आठवडे पिसवा दिसतील. मला फोन करू नका, झाडू मारा."

आम्ही मारला. रोज व्हॅक्यूम, विशेषतः फटींतून, आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर. त्या हादऱ्याने कोश फुटतात, तेही बरंच. ठकीची गोधडी, चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात, मग गच्चीवरच्या उन्हात. सासूबाईंनी लिखांची जुनी फणी शोधून काढली आणि रोज संध्याकाळी ठकीला मांडीवर घेऊन विंचरायच्या, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा. "सात," "चार," "आज एकच," असा हिशेब मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. रात्री दिव्याखाली ताटलीत साबणाचं पाणी ठेवलं की सकाळी त्यातही दोन-तीन बुडालेल्या असायच्या. वरच्या काकूंकडेही निघाल्या, ठकी तिथे राहून आलेली. त्यांच्या घराच्या फवारणीचे पैसे आम्ही दिले, तरी पंधरा दिवस त्या जिन्यात माझ्याशी बोलल्या नाहीत. बाविसाव्या दिवशी लेक पांढरे मोजे घालून घरभर फिरली. काही नाही.

परवा पेपरात एक पत्रक आलं. कंपनीचं नाव वेगळं, पण पंप घेतलेल्या माणसाचा फोटो तोच, वॉरंटीचा गोल शिक्काही तोच. मी ह्यांच्या मोबाइलवरून नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला, आवाज त्या पोरग्याचा. घरात पिसवा झाल्यात, म्हटलं, आणि गप्प राहिले, तो काय विचारतो ते ऐकायला.

"किती बीएचके आहे, मॅडम?"