डिटर्जंट, उष्णता की गाळण? हिपॅटायटिसपासून सुरक्षित प्लाझ्मा उत्पादनं निवडताना

प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग. त्यापासून बनवलेलं फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं प्रथिन), इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) किंवा अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रथिन) निवडताना ‘विषाणू निष्क्रिय केलेले’ एवढ्या शब्दांवर थांबू नका. कोणत्या पद्धतीनं, ते बघा. हिपॅटायटिस बी आणि सी यांना स्निग्ध आवरण असतं आणि ते विरघळलं की विषाणू निकामी होतो. ए चं प्रथिनांचं कवच मात्र डिटर्जंटला दाद देत नाही. सगळी मेख इथेच आहे.

सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धतीत टीएनबीपी हे द्रावक आणि ट्रायटन एक्स-१०० किंवा पॉलिसॉर्बेट ८० हे डिटर्जंट वापरतात. बी आणि सी वर हिच्याइतकी खात्रीची दुसरी पद्धत नाही, आणि नाजूक फॅक्टर आठलाही फारसा धक्का लागत नाही. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटली, आयर्लंड वगैरे देशांत नेमक्या अशाच फॅक्टर आठमधून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना हिपॅटायटिस ए झाला.

पाश्चरीकरण म्हणजे द्रवरूपात ६० अंश सेल्सिअसला १० तास. अल्ब्युमिन हे सहज सोसतं. फॅक्टर आठला मात्र भरपूर साखर आणि ग्लायसिनचा आधार द्यावा लागतो, आणि तोच आधार थोडाफार विषाणूलाही मिळतो! सुकवलेली पावडर ८० अंशांना ७२ तास तापवणं मला जास्त पटतं, कारण ते सीलबंद कुपीतच होतं, नंतर दूषित व्हायला वाव राहत नाही. पावडरीतला ओलावा मात्र काटेकोर सांभाळावा लागतो. ६० अंशांच्या आसपास तापवलेल्या जुन्या पावडरींतून हिपॅटायटिस पसरला होता, म्हणून नुसतं ‘उष्णता दिली’ हे वाचून समाधान मानू नये.

नॅनोगाळणीत, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या जाळीतून गाळताना, आवरण असो-नसो, आकार मोजला जातो. ए चा विषाणू साधारण २७ नॅनोमीटरचा. १५-२० नॅनोमीटरच्या छिद्रांत तो अडकतो. फॅक्टर नऊ (रक्त गोठवणारं आणखी एक प्रथिन) सुखरूप पार होतो. फॉन विलेब्रांड घटक या मोठ्या प्रथिनासोबतचा फॅक्टर आठ अडखळतो, आणि त्याच्यासाठी ३५ नॅनोमीटरची जाळी लावली तर ए निसटू शकतो.

म्हणून फॅक्टर आठसाठी डिटर्जंट आणि ८० अंशांची कोरडी उष्णता, फॅक्टर नऊ आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी डिटर्जंट आणि बारीक गाळणी अशी जोडी मी मागेन. अल्ब्युमिनला पाश्चरीकरण पुरतं.

लाल पेशींच्या पिशवीला यातलं काहीच चालत नाही. तिथे भिस्त दात्याच्या तपासणीवर. वारंवार रक्तघटक घ्यावे लागणार असतील तर ए आणि बी च्या लशी आधीच टोचून घ्याव्यात. सी ची लस अजून नाही.