घरगुती समारंभांसाठी दोन लेन्स आणि एक फ्लॅश: कॅनन १५००डी वापरणाऱ्यांसाठी

ठाण्यात आमच्या घरी आणि नातेवाइकांकडे वर्षभर बारसे, डोहाळजेवण, हळदीकुंकू, मंगळागौर असे काही ना काही चालू असते आणि त्याची छायाचित्रे काढण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कॅमेरा कॅननचा १५००डी, त्यासोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स आणि नंतर एकेक करून घेतलेल्या वस्तू म्हणजे ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम, २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम आणि गोडॉक्सचा टीटी६८५ टू हा फ्लॅश. लेन्सचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितके रुंद दृश्य मावते, एफ/चा आकडा जितका लहान तितका अधिक प्रकाश आत येतो, आणि एसटीएम हा फोकस करणाऱ्या मोटरचा प्रकार आहे. या तिन्हींचा पुरेसा वापर झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्यांना प्रामुख्याने फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी दुसरी लेन्स घेण्याआधी डोके, म्हणजे प्रकाश सोडणारा भाग, हवे तिकडे फिरवता येणारा फ्लॅश घ्यावा. मी हे उलट्या क्रमाने केले, आणि त्यामुळे पहिल्या दीड वर्षातली कितीतरी छायाचित्रे हवी तशी आली नाहीत.

सर्वांत आधी घेतली ती ५० मिलिमीटरची लेन्स, कारण जो तो तीच घ्यायला सांगतो. सांगण्यात तथ्य नक्कीच आहे. किट लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, ५५ मिलिमीटरला एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही, त्या तुलनेत एफ/१.८ ला साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो, आणि लेन्सचे वजन जेमतेम १६० ग्रॅम आहे. परंतु १५००डीचा सेन्सर लहान, सुमारे २२.३ मिलिमीटर रुंदीचा असल्यामुळे ही लेन्स त्यावर, मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवरच्या ८० मिलिमीटरच्या लेन्ससारखे, अरुंद दृश्य घेते. तीन मीटर अंतरावरून तिच्यात फक्त १.३ मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोन व्यक्ती, फार तर तिसरी थोडी सरकून. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकल्यावर आणखी मागे जायला जागा उरत नाही. शिवाय एफ/१.८ ला दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सहा सेंटिमीटरच्या आसपासच असते. डोळ्यांवर फोकस नेमका बसला तरी कान धूसर होतात आणि मान किंचित वळली की दुसरा डोळाही जातो. मी त्यामुळे एफ/२.८ च्या खाली सहसा उतरत नाही आणि मधलाच फोकस बिंदू वापरते, कारण या कॅमेऱ्याच्या नऊ बिंदूंपैकी तोच एकटा क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, आहे. तिचे खरे घर मला सापडले ते डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात, भाचीच्या नृत्याच्या कार्यक्रमाच्या वेळी. पुढच्या रांगेतून, साधारण सहा मीटरवरून, कॅमेरा उभा धरला की नर्तिका पायांतल्या घुंगरांपासून वर उचललेल्या हातांपर्यंत पूर्ण मावते. तिथे फ्लॅश वापरायचा प्रश्नच नसतो, आणि रंगमंचावरचा प्रकाश या लेन्सला पुरतो.

घरासाठी खरी कामाची ठरली ती २४ मिलिमीटरची. ती दिसते बिस्किटाएवढी चपटी, वजन १२५ ग्रॅम, आणि तीन मीटरवरून २.८ मीटर रुंदीचे दृश्य घेते, म्हणजे सोफ्यावरची पाच माणसे आणि दोन्ही हातांवर बसलेली मुलेसुद्धा. सोळा सेंटिमीटर इतक्या जवळ जाता येत असल्यामुळे बारशाच्या घुगऱ्यांची वाटी, निरांजनाची वात, मेंदीचा हात हेही त्याच लेन्सने निघते. मात्र प्रकाशाच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. किट लेन्सच्या तुलनेत या टप्प्यावर तिचा फायदा साधारण दुपटीचा, त्याहून अधिक नाही. संध्याकाळी दोन ट्यूबलाइटच्या उजेडात तेवढ्याने भागत नाही. शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान केले की विजेच्या ५० हर्ट्‌झमुळे दिव्यांची फडफड पट्ट्यांच्या रूपाने छायाचित्रात उतरू शकते, आणि त्याहून संथ ठेवले की लहान मुले हलतात. फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही, हे मला इथे कळले.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उघडून पाहिलाच होता. त्याचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, साधारण ९ आहे; त्याला मीटरमधल्या अंतराने भागले की लागणारे अ‍ॅपर्चर मिळते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला तीन मीटरवरच्या माणसासाठी एफ/३ लागते. त्याहून मोठी अडचण प्रकाशाच्या रूपाची आहे: जरीच्या काठावर चकाकी, मागच्या भिंतीवर काळी कडक सावली, आणि देवघराच्या तसबिरीच्या काचेत पांढरा ठिपका. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, त्यामुळे पुढे बसलेली आत्या पांढरीफटक आणि मागे उभे असलेले आजोबा अंधारात, असे हमखास होते.

टीटी६८५ टूचे डोके वर करून तोच प्रकाश छतावर सोडला की सगळे छतच दिव्यासारखे काम करते, आणि पुढच्या-मागच्या माणसांतला फरक पुष्कळ कमी होतो. आमच्या दिवाणखान्याचे छत साडेनऊ फुटांवर असून पीओपीचे आणि पांढरे आहे, ही मोठीच सोय आहे. मी डोके सरळ वर न ठेवता किंचित मागे झुकवते, म्हणजे कपाळ आणि नाक उजळून डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१२५ आणि फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवतो), एवढ्यात बहुतेक काम होते. एकदा मात्र बहिणीकडे पिस्ता रंगाच्या भिंतीकडे डोके वळवले आणि सगळ्यांच्या गालांवर हिरवट छटा आली, ती नंतर संगणकावरही पूर्ण निघाली नाही.

बारशाच्या दिवशी आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले, ‘कुर्र’ केले, आणि भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तो क्षण या फ्लॅशमुळे मिळाला. आत्याचे हसू, पाळण्याला बांधलेली फुले आणि उचललेले चार-पाच हात एकाच प्रकाशात आले, आणि प्रकाश थेट डोळ्यांवर न पडल्यामुळे बाळ दचकलेही नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. खोक्यावर छापलेला ६० हा गाइड नंबर डोक्याचा झूम २०० मिलिमीटरवर, म्हणजे प्रकाश अरुंद झोतात एकवटलेला, असतानाचा आहे, छतावरून उसळलेल्या प्रकाशाचा नव्हे. दुसरी गोष्ट मला महागात पडली. आधी स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी स्वस्त मॅन्युअल (ताकद हाताने ठरवायचा) फ्लॅश घेतला, आणि घरी लावल्यावर तो एकदाही उडाला नाही. कारण १५००डीच्या हॉट शूवर (फ्लॅश चढवायच्या खाचेवर), कॅननच्याच २००डी टू कॅमेऱ्याप्रमाणे, मधला गोल संपर्कबिंदू कॅननने ठेवलेलाच नाही, आणि साधे फ्लॅश त्या एकाच बिंदूवर चालतात. दुकानदाराने फ्लॅश परत घेतला नाही. तेव्हापासून मी कॅमेरा बरोबर नेते, फ्लॅश काउंटरवरच चढवून पाच-सहा वेळा उडवून पाहते आणि मगच पैसे देते. टीटी६८५ टू घेताना ‘सी’ हे अक्षर असलेलाच, म्हणजे कॅननसाठीचा, मागावा. ‘एन’ निकॉनचा आणि ‘एस’ सोनीचा.



फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. साधे अल्कलाइन सेल तासाभरात गरम होतात आणि दोन प्रकाशांमधला वेळ वाढत जातो, म्हणून निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्यावेत. मी दोन संच ठेवते, आदल्या रात्री दोन्ही भरते, आणि संपलेले सेल पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात उलटे टाकते, म्हणजे घाईत भरलेले कोणते आणि संपलेले कोणते हे बोटांनाच कळते.