मेटोप्रोलॉल चालू ठेवून बाळाला पाजलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मला एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मधूनच एकदम खूप वेगाने पडायला लागतात. बाळंतपणानंतर धडधड वाढली, तेव्हा कार्डिओलॉजिस्टनी मेटोप्रोलॉलची दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी दिली. मेडिकलवाला म्हणाला, "पाजताय? मग नका घेऊ." सासूबाईंनी लगेच पावडरच्या डब्याचा विषय काढला.

बालरोगतज्ज्ञांनी हिशेब समजावला. आईच्या डोसचा किती भाग बाळाच्या पोटात जातो, हे दोघांच्या वजनाच्या प्रमाणात काढतात. तो १० टक्क्यांच्या आत असेल तर औषध सहसा चालतं, आणि मेटोप्रोलॉलचा त्याहून बराच कमी भरतो. पण त्याच गटातली (बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके हळू करणाऱ्या गोळ्या) अटेनोलॉल दुधात जास्त उतरते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे नवजात किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बाधू शकते. तेव्हा 'बीटा ब्लॉकर चालतो' एवढ्यावर थांबू नका, गोळीचं नाव सांगूनच विचारा. ठोक्यांची लय सुधारण्यासाठीच देतात त्या अमियोडारोन या गोळीची गोष्ट तर वेगळीच. तिच्यात वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असतं, ती शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते आणि बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकते.

मला गुण आला. सुरुवातीला हातपाय गार पडायचे, जिना चढताना दम लागायचा, स्वप्नंही चमत्कारिक पडायची. दूध कमी झालं नाही (श्रेय आईच्या अळिवाच्या लाडवांना, असं आईचं म्हणणं). बाळ सुस्त तर नाही ना, दूध ओढायला कंटाळत नाही ना, याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. लसीच्या वेळी डॉक्टर वजनाबरोबर ठोकेही बघायचे. सगळं ठीक निघालं.

तरी एका रात्री पाजता पाजताच धडधड सुरू झाली. बाळ नवऱ्याकडे दिलं, उशीला रेलून १५ सेकंद जोरात कुंथले, मग आडवी झाले आणि नणंदेने माझे पाय उचलून धरले. थांबली! हे डॉक्टरांनी आधीच शिकवलं होतं. नाही थांबली तर दवाखान्यात अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन देतात. ते काही सेकंदांत रक्तातून नाहीसं होतं, त्यामुळे त्यानंतर दूध काढून फेकायला कुणी सांगितलं तर कारण जरूर विचारा.

गोळी चावायची नाही, मनाने एकदम बंदही करायची नाही. आणि सर्दी झाली तर स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी टाळा: ठोके वाढतात आणि दूधही आटतं.