कार्ब सिंकसाठी, म्हणजे सगळे कार्ब्युरेटर एकसारखे जुळवायला, डायल गेज घ्यावा का कार्बट्यून?

माझी निन्जा 250 आर, दोन कार्ब्युरेटर, आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) हँडल थरथरायचं म्हणून आधी स्वस्तातला दोन डायलचा व्हॅक्यूम गेज, म्हणजे प्रत्येक सिलिंडरची हवेची ओढ मोजणारा मीटर, मागवला. काटे इतके नाचायचे की रीडिंगच कळेना, वर दोन्ही डायल आलटून पालटून एकाच सिलिंडरला लावले तर आकडे वेगळे! कुठलाही गेज घ्या, ही टेस्ट आधी कराच. मग मित्राचा कार्बट्यून आणला, हाही व्हॅक्यूम गेजच, पण त्यात काही गेजमध्ये असतो तसा पारा नाही, स्टीलच्या कांड्या वरखाली होतात आणि शेजारीशेजारी असल्याने फरक लगेच डोळ्यात भरतो. इंजिन गरम करून दोन कार्ब्युरेटरच्या मधला सिंकचा स्क्रू जेमतेम पाव आटा फिरवला, कांड्या एका लेव्हलला आल्या आणि थरथर गेली, काय भारी वाटलं! महाग आहे, पण गाडी स्वतः सांभाळत असाल तर हाच घ्या. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) मात्र आधी बघून घ्या.