सीआरपीचा 3 वर्षांचा अनुभव (आयोवा, अमेरिका): गवताचे पैसे मिळतात, पण फुकट नाही

अण्णांना फोनवर सांगितलं की इथलं सरकार आम्हाला 14 एकरात मका न लावता गवत लावायचे पैसे देतंय, तर ते म्हणाले, अरे जन्मभर गवत काढायला मजुरी दिली आपण, आणि तिकडं लावायला पैसे? काय उत्तर देणार, आहेच तसं. कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजेच सीआरपी, अमेरिकेच्या 1985 च्या फार्म बिलातली (शेती कायद्यातली) स्कीम. धुपणारी, ओढ्याकाठची जमीन पिकातून काढायची, 10 ते 15 वर्षं गवताखाली ठेवायची, सरकार दरवर्षी एकरी भाडं देतं. जमीन सरकारला खंडाने दिल्यासारखंच, फक्त कसत कोणीच नाही.

पैशाची तक्रार नाही, ऑक्टोबरात सरळ बँकेत येतात. पण रेट बघून हुरळू नका. मातीचा कस आणि काउंटीतला (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) चालू खंड यावरून तो ठरतो आणि 2018 च्या फार्म बिलाने त्याला कात्री लावलीय, जनरल साइनअपला (ठराविक मुदतीत, स्पर्धेने घेतले जाणारे अर्ज) काउंटी सरासरीच्या 85 टक्के, कंटिन्युअसला (वर्षभर चालणारे अर्ज) 90. म्हणजे काळीभोर सपाट जमीन असेल तर शेजाऱ्याला खंडाने द्या, तो जास्त देईल. आमची ओढ्याकडची उतरती, दर पावसात माती वाहून जायची, तिथे परवडलं. माणशी वर्षाला 50,000 डॉलरची मर्यादा आहे म्हणे, आपल्याला काय त्याचं!

खरं काम बियाण्यानंतर. लागवडीचा निम्म्यापर्यंत खर्च ते देतात, बाकी आपला. ब्लूस्टेम गवत, कोनफ्लॉवरची फुलझाडं वगैरेचं महागडं मिक्स पेरलं आणि पहिल्या वर्षी वर आलं काय, तर तण! हे इथलं मूळचं गवत आधी मुळं खाली सोडतं, वर दिसायला दोन-तीन वर्षं जातात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी रात्री टॉर्च घेऊन रोपं शोधत हिंडलो नसतो. शेजारचे आजोबा पिकअप हळू करून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे, ते जास्त लागायचं. पहिल्या वर्षी सरकारशी ठरलेल्या प्लॅनमध्ये असेल तर कापता येतं, नंतर मात्र 15 मे ते 1 ऑगस्ट हात लावायचा नाही, पक्ष्यांची अंडी-पिल्लं असतात. नेमकं तेव्हाच कॅनडा थिसल हे काटेरी तण माजतं आणि ते काढायची जबाबदारी आपलीच, आधी स्कीमच्या काउंटी ऑफिसला विचारून. मी विचारलं, उत्तर यायला 3 आठवडे लागले, तोवर काट्यांना फुलं येऊन गेली. एक फॉर्मही दोनदा भरून घेतला. बायको म्हणाली, तलाठी ऑफिसची आठवण येतेय ना? काउंटरवरच्या बाई मात्र गोड आहेत, त्यांनी नकाशावर ट्रॅक्ट नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) बोट ठेवून समजावला.

जमीन घेतल्या घेतल्या अर्ज करायला धावू नका, साधारणपणे 12 महिने मालकी लागते. आणि विकायची असेल तर खरेदीदार कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवणार का ते आधी लिहून घ्या, नाहीतर तोवर मिळालेले सगळे पैसे व्याजासकट परत, वर दंड. आमच्या ओळखीतल्या एकाला हे विक्रीच्या टेबलावर कळलं.

यंदा तिसऱ्या वर्षी गवत छातीपर्यंत आलंय आणि ओढ्याचं पाणी पावसानंतरही बरंच स्वच्छ दिसतं. 4 स्टार. फेझंट (रानकोंबड्यासारखे पक्षी) आलेत पण, सकाळी कोंबड्यासारखे ओरडतात, झोप मोडते.