भेग भरायची की पायाला हात घालायचा?

भिंतीला तडा गेला की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘भरा, रंग मारा, विसरा.’ दुसरा म्हणतो, ‘पाया खचलाय, खणावं लागणार.’ पंचाईत अशी की दोन्ही बरोबर असू शकतात. आपल्या घराला कुठला लागू, हे भेग अजून हलतेय का यावर ठरतं.

केसाएवढ्या, जाळीसारख्या भेगा बहुतेक वेळा गिलाव्याच्याच असतात. पायाची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघते, किंवा वीटकामाच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा घराचं एखादं टोक बसतंय. उलट असेल तर मधला भाग. दार चौकटीत अडकू लागतं, फरशी आणि स्कर्टिंगमध्ये फट पडते. तळघराच्या भिंतीवरची आडवी भेग मात्र निराळं प्रकरण. तिथे बाहेरची माती भिंत आत ढकलत असते, वाट बघायची नाही.

बाकी ठिकाणी थोडा धीर धरा. भेगेच्या टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. मधे गिलावा खरवडून काचेची पातळ पट्टी भेगेच्या दोन्ही काठांना इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायचा, कडक होणारा गोंद) चिकटवा. काच तडकली, म्हणजे भेग जिवंत आहे. एक ओला आणि एक कोरडा ऋतू तरी जाऊ द्या, कारण चिकण माती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते. भेग 5 मिमीच्या वर गेली असेल किंवा भराभर वाढत असेल, तर काचेचा खेळ सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

भेग थांबलेली असेल तर निवड सोपी. काँक्रीटची कोरडी भेग असेल तर इपॉक्सी: दोन्ही काठ घट्ट जोडते, ताकद परत देते. पाणी झिरपत असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम: ओलाव्यात फुगून वाट बंद करते, पण भिंतीला बळ देत नाही. हलत्या भेगेत इपॉक्सी भरलंत तर शेजारीच नवा तडा जाईल. पैसे पाण्यात.

पाया अजून खचत असेल तर खरा प्रश्न ग्राऊटिंग की अंडरपिनिंग. ग्राउटिंगमध्ये ग्राऊट (सिमेंटचं पातळ मिश्रण) किंवा फोम जमिनीत दाबून भरतात. काम लवकर उरकतं, खोदकाम जवळपास नाही. खालची पोकळी भरायला, बसलेली फरशी उचलायला ते उत्तम. पण खोलवरची मातीच कमकुवत असेल तर त्याचा भरवसा मी धरणार नाही. अंडरपिनिंगमध्ये पायाखाली साधारण 1 ते 1.5 मीटरचे टप्पे, शेजारशेजारचे न घेता, आळीपाळीने खणून काँक्रीट भरतात आणि भार टणक थरावर नेतात. महाग, वेळखाऊ, घाणीचं काम. पण खोलवरच्या दुखण्यावर तेच.

दोन्हींच्या आधी पाणी बघा. फुटलेला ड्रेनेज पाइप, पायाशी पडणारी पन्हळीची धार: हे तसंच ठेवून केलेली कुठलीही दुरुस्ती टिकत नाही, आणि कित्येकदा एवढं नीट केल्यावर भेग थांबतेसुद्धा. भिंतीलगतचं झाड मात्र लगेच तोडू नका. चिकण मातीत झाड गेलं की मुळांनी शोषलेला ओलावा परत येतो, माती फुगते, आणि बसलेलं घर आता उचललं जातं.